बाळास्नी आवं म्हननारी बाई

तिचं नाव मी घेत न्हाई. घेतलं तर लोकास्नी वाटंल, म्हातारीला तिची याद येती. याद बिद काय न्हाई. पन मिरजंच्या पाळनाघरात माज्यासंगं काम करनारी ती बाई कशी व्हती आसं कुनी इचारलं, तर मी दिसभर सांगत बसंन. तिच्यावर मी जितकी जळले तितकी माज्या जावंवर पन जळले न्हाई, आनि जाऊ माजी सोन्यानं मढल्याली व्हती.

उंच, काटकुळी, फलटनकडची. रानात कामाला जानाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषाचा शर्ट घालत्यात न्हवं का, तसला शर्ट ती पाळनाघरात घालायची. डोक्यावर पंखा, पायाखाली गार फरशी, हितं कशाला पायजे शर्ट? आमच्या बाईसायबांनी सगळ्या बायांस्नी गुलाबी एप्रन दिल्यालं. तिनं एप्रन घातला आनि त्येच्यावर शर्ट घातला.

बाईसायब म्हनल्या, "मावशी, शर्ट काढा."

"काढते की. खिसा दे एप्रनला, लगीच काढते."

एप्रनला खिसा न्हवता. शर्ट ऱ्हायला.

आता ह्यात बगा, ती बाईसायबास्नी 'दे' म्हनली. आमच्या मालकीनच जनू त्या, पाळनाघर त्येंच्या हातात. पन हिचं सगळंच उलटं. मोठ्या मानसाला ए-जा करायची. पाळनाघर दवाखान्याचंच, नर्सांची आनि डाक्टरांची पोरं तिथं आसायची. येकदा थोरलं डाक्टर बगायला आलं. ज्येंच्या पायाचा आवाज आला की नर्सा पदर सावरत्यात, त्ये. ही दारातनंच म्हनली, "ये रं बाबा. पायतान भाईर काढ." काढलं त्येंनी! गपचिप काढलं.

आनि पाळन्यातलं वितभर पोरगं आसंल तर त्येला, "आवं सायेब, उठता का? दूध आलंय. उचलू का? बरं बरं, दम धरते मी." आनि खरंच दम धरायची. दोनी हात म्होरं करून नुसती उभी. पोरगं हातपाय झाडायचं, तिच्याकडं बगायचं, मगच उचलायची. बाकीच्या बाया तवर चार पोरास्नी पाजून मोकळ्या व्हायच्या.

मी सुरवातीलाच तिला इचारलं, "ह्यो काय परकार तुजा?"

ती म्हनली, "नवी मानसं हायती ती. वळख न्हाई पाळख न्हाई, येकदम ए-जा कसं म्हनायचं?"

"मग डाक्टर काय तुज्या वळखीचं हायत?"

"त्यो तर मला दारातच कळला."

वळख पटली की मातर ती आवं सोडायची. पोरगं तीन वर्साचं झालं की शाळंत जायचं, पाळनाघर सुटायचं. त्या शेवटच्या दिशी ही त्येच्या म्होरं बसायची, त्येच्या शर्टाचं बटान लावायची आनि पयल्यांदा म्हनायची, "जा रं आता. नीट शिक." तेवढंच. पोरगं खुळ्यावानी बगत ऱ्हायचं. आया म्हनायच्या, किती छान, किती छान. मला त्यात काय छान हाय ते कळायचं न्हाई. मी चार पोरं काडली पोटातनं, पयल्या दिसापासनं तूच म्हनलं सगळ्यास्नी.

आनि मला ती काय म्हनायची? आवं. समदं पाळनाघर ए-जा, वाचमन ए-जा, थोरलं डाक्टर ए-जा, आनि मी आवं. त्या पाळन्यातल्या पोरांच्या रांगंत मला बसवल्याली. लय राग यायचा.

मी कोरेगावकडची. आल्याच्या रानात खुरपून जलम गेला. मालक लवकर गेलं. चार पोरांतली दोन गेली, दोन ऱ्हायली, लेक दिली, ल्योक टेम्पोवर व्हता. टेम्पो उलटला, कंबरंचं हाड मोडलं, म्हनून त्येला मिरजंला आनला. हितं दवाखान्यांची काय कमी न्हाई. आपरेशन झालं, पन उभं ऱ्हायला लय दिस लागनार व्हतं. सून पोटुशी. मी गावाकडच्या घराला कुलूप घातलं आनि आले. त्येच्या वाडातली नर्सबाई म्हनली, आमच्या पाळनाघरात बाया पायजेत. मी म्हनलं, पोरंच सांभाळायची न्हवं? येते उंद्यापासनं.

तर न्हाई. आदी ट्रेनिंग, मग परीक्षा. पास झाल्याबिगर पोराला हात लावायचा न्हाई.

मला हासू आलं. ह्या वयात मला पोरगं धरायला शिकवनार! बाईसायब शिकवायच्या. हात कसं धुवायचं, बाटली कशी उकळायची, पोराला कसं निजवायचं. पालथं निजवायचं न्हाई म्हनं. माजी समदी पालथी निजली. मी मान हालवायची आनि मनात म्हनायची, बोल बाई, पगार घितीस तर बोल. ती फलटनची बी तवा नवीच, मागं भितीला टेकून बसायची, डोळं उगडं, पन झोपल्याली वाटायची. मला वाटायचं, हिचं काय खरं न्हाई, ही नापास हुनार.

शिकवायच्या मदल्या येका दिशी मी गेले न्हाई. ल्योकाचं टाकं काडायचं व्हतं, त्येच्यापाशी कोन बसनार? त्या दिशी काय शिकवलं ते मी कुनाला इचारलं पन न्हाई. त्यात इचारायचं काय, म्हनलं, पोरंच तर हायती.

परीक्षा सांगलीला. येका मोट्या हालात. समद्या पाळनाघरांच्या बाया आल्याल्या. टेबलावर रबराचं बाळ, तोंड उगडं, डोळं निळं. परीक्षावाल्या बाई चष्म्यातनं बगत व्हत्या. पयला नंबर माजा.

"मावशी, हे बाळ आठ महिन्यांचं आहे. खेळता खेळता अचानक चोक झालं. काय कराल?"

चोक. आता चोकप मला म्हाईत हाय. मोरी चोकप हुती, गटार चोकप हुतं, आमच्या मिरजंच्या खोलीत तर दर पावसात हुतं. पोरगं चोकप झालं म्हंजी कुटनं झालं, ह्ये काय कळत न्हाई व्हय बाईमानसाला?

मी इचारलं, "कवापासनं?"

"आत्ताच. अचानक."

"मग लगीच घाबरायचं कारन न्हाई. दोन दिस वाट बगायची."

बाईंनी चष्मा काडला. "दोन दिवस?"

मला वाटलं, हिला पोरं न्हाईत वाटतं. म्हनून मी नीट समजावून सांगितलं. "आवं, आंगावरचं दूध पेनारं पोरगं दोन-दोन दिस करत न्हाई कवा कवा. न्हाईच झाली, तर मग इड्याच्या पानाचा देठ घ्यायचा, त्येला यरंडेल लावायचं, आनि," आसं म्हनून मी त्या रबराच्या बाळाचं दोनी पाय वर केलं, कुटं घालायचा ते दावायला.

समदा हाल हासला. मागच्या बाया तर येकमेकीच्या आंगावर पडल्या.

परीक्षावाल्या बाई हासल्या न्हाईत. म्हनल्या, "मावशी, बाळाच्या घशात शेंगदाणा अडकलाय. श्वास बंद आहे. ओठ निळे पडलेत."

बाळाचं पाय आजून माज्या हातात. मी म्हनलं, "मग बोट घालून काडायचा."

"बोट घातलं की तो आणखी आत जातो." त्यांनी कागदावर काय तरी केलं. "बाळ गेलं, मावशी."

आसं म्हनल्या. बाळ गेलं. माजी दोन गेली तवा सुदिक कुनी तोंडावर आसं म्हनलं न्हवतं. गावात म्हनत्यात, देवाघरी गेलं, पान्यासारखं आलं आनि गेलं. मी त्या रबराच्या बाळाचं पाय खाली ठिवलं, त्येचा झबला नीट केला आनि जाग्यावर जाऊन बसले.

मग ती उटली. शर्ट घालून. टेबलापाशी गेली ते परीक्षावाल्या बाईकडं बगितलंच न्हाई, आदी बाळाकडं वाकली. "आवं सायेब, काय झालं?"

बाई म्हनल्या, "चोक झालंय."

ही वळली. "चोक म्हंजी काय गं?"

मागच्या बाया वाकून बगाय लागल्या. बाईंनी सांगितलं, "घशात अडकलंय."

"आसं म्हन की मग."

आनि तिनं बाळाला उचललं, हातावर पालथं घातलं, डोस्कं खाली, पाठीवर थापा घातल्या. मग उतानं केलं, छातीवर दोन बोटं दाबली. परत पालथं. आनि समदा येळ त्येच्याशी बोलती. "सोसा. जरा सोसा सायेब. लागतंय म्हाईत हाय मला. झालं, झालं." रबराचं बाळ! मी तिच्या तोंडाकडं बगत व्हते. तिला घाम आल्याला.

पास.

ज्या दिशी मी ल्योकाच्या उश्याशी बसले व्हते, त्या दिशी ह्येच शिकवल्यालं. ती भितीला टेकून झोपल्याली वाटायची ती झोपल्याली न्हवती. शबुद तेवढा तिच्या ध्यानात ऱ्हायला न्हवता, म्हनून तिनं इचारला. मी इचारला न्हाई, कारन मला त्यो म्हाईत व्हता.

बसमदी ती माज्या शेजारी यिऊन बसली. म्हनली, "देठाचं खरं हाय बरं का. आमच्यात बी करत्यात." मी खिडकीतनं भाईर बगितलं. मिरज येस्तवर बगितलं.

घरी सुनंला म्हनलं, "जिच्या पोटी येक न्हाई ती पास आनि मी नापास." ल्योक खाटंवर पडल्याला, त्यो म्हनला, "आई, बरं झालं. माज्या पोराला तुज्या हातात द्यायचं म्हंजी देठ लपवून ठिवाय लागला आसता." सून तोंडाला पदर लावून हासाय लागली. लई दिसांनी त्यो हासल्याला, म्हनून मी आयकून घितलं. पन लागलं मला.

बाईसायब मला म्हनल्या, परत परीक्षा हुईल तवर ऱ्हावा. दुपटी धुवा, भांडी घासा, फरशी पुसा. पोरास्नी हात लावू नका. आनि दुसऱ्या बारीला नापास झालात, तर मग माज्या हातात काय न्हाई. मी व्हय म्हनलं. त्या घरात तवा भाईर जानारी मी येकटीच व्हते, मी काय न्हाई म्हननार?

धुन्याची जागा पाळनाघराच्या मागं. मदी जाळीची खिडकी. मी दुपटं पिळायची आनि वर बगायची. आत आरू आसायची. येका नर्सची लेक, गोल, काळीभोर, टकल्यावर येक बट. ती रडली की जाळीतनं मला आयकू यायचं, आनि माजं हात साबनात. म्या काय कमी पोरं घितली काय हातात? नुसतं खांद्यावर टाकलं आसतं तरी गप झाली आसती. पन माजी पायरी दाराभाईर. आत ही खांबावानी उभी. "आवं आरूबाई, काय झालं? सांगता का? बरं, सांगू नका." आनि आरू गप! येक हात हिच्या शर्टाच्या खिशात घालायची, मूठ आवळायची आनि तशीच झोपायची.

समदीच पोरं त्या खिशात हात घालायची. रांगनारी सुदिक तिच्या पायाला धरून उटायची आनि खिसा शोदायची. मला वाटलं, हिनं त्यात काय तरी ठिवलंय. खडीसाखर म्हना, चुरमुरं म्हना. येक दिस ती शर्ट दोरीवर वाळत घालून गेली. मी बगितलं. रिकामा. शिवन उसवल्याली आनि आत येक धागा लोंबत व्हता. बस.

तवा मी घरी जाऊन माज्या एप्रनला खिसा शिवला. सुनंच्या जुन्या झंपराचं कापाड. चांगला मोटा, दोन पोरांचं हात जातील येवढा. कशासाटी म्हनून सुनेनं इचारलं, मी म्हनलं, रुमालाला. मनात म्हनलं, पास झाले की बगू, कुनाचा खिसा चांगला हाय.

तिनं बगितला खिसा. ती समदं बगायची. दुपटी वाळत घालत व्हते तवा मागं यिऊन उभी ऱ्हायली. शेंगा खात व्हती. ती उभ्यानंच खायाची, भितीकडं तोंड करून, कुनी बगतंय आसं वाटलं तर खानं थांबवायची. पन त्या दिशी माज्याकडं तोंड करून खाल्लं.

"जळताय व्हय माज्यावर?" म्हनली.

"मी? मी कशाला जळू?"

"जळा की. मला राग न्हाई. मी सवतीत दिस काडल्यात, जळनारी बाई मला लांबनं वळखू येती." मग दोरीवरच्या दुपट्याला हात लावून बगितला. "जळा खुशाल. दुपटी तरी लवकर वाळत्याल."

आनि गेली! आसली बाई. तिच्या सवतीचं नंतर कळलं मला, तिनंच सांगितलं, भाजीचा दर सांगावा तसं. हिला पोर न्हाई म्हनून नवऱ्यानं दुसरी आनली. दुसरीची तीन पोरं हिनं वाडवली, हागंमुतं काडलं. पोरं मोटी झाली, आनि येक दिस थोरला म्हनला, तू आमची कोन? ही उटली, दोरीवरचा नवऱ्याचा शर्ट वडला, आंगात घातला आनि यस्टीत बसली. मी म्हनलं, "रडू न्हाई आलं?" ती म्हनली, "थंडी व्हती लय."

त्या दिशीच मी तिला इचारलं, "समद्यास्नी ए-जा करतीस, मग मलाच का आवं?"

"तुमची वळख पटंना आजून. येक दिस बऱ्या बोलता, येक दिस खाऊ का गिळू."

दुसरी परीक्षा जवळ आली. माजी झोप गेल्याली. पोरं दुपारी निजली की मी भांडी घासत आसायची, तर ही यिऊन माज्या म्होरं बसली. हातात दुदी भोपळा. सैपाकघरातला, चांगला लांबडा.

"आवं, घ्या."

"काय करू?"

"चोक झालंय त्येला."

मी म्हनलं, "तुज्याकडनं मी शिकनार न्हाई. बाईसायब शिकवतील."

"बाईसायबाला येळ न्हाई, त्या आफिसात हायती. घ्या म्हनते न्हवं. नापास झालात तर गावाकडं जाल. मग माज्यावर जळायला हितं कोन ऱ्हाईल?"

घितला मी भोपळा. काय करू? ल्योक खाटंवर. दर दुपारी ती मला भोपळा द्यायची. हातावर पालथा. डोस्कं खाली. मानंला आधार. "लय जोरात मारताय, जावंला न्हाई मारायचं." म्हंजी जावंचं बी मी तिला कवा सांगितलं आसंल. आनि रोज येक शबुद आनायची कुटनं तरी, वाडातल्या नर्सांकडनं. मला म्हनायची, "ड्येहायड्रेशन. सांगा." मला यायचं न्हाई. मी गप बसायची. मग ती वरडायची, "गप काय बसता? इचारा! म्हंजी काय गं, आसं इचारा. तोंडात मूग हायती काय?"

मी इचारायची. दात खाऊन इचारायची. तिला 'म्हंजी काय गं' म्हनायचं म्हंजी माज्या घशात खरंच चोक व्हायचं.

येकदा भोपळा हातातनं सुटला आनि फरशीवर फुटला. मग ती म्हनली, "बाळ गेलं, मावशी." सांगलीच्या बाईचा आवाज काडून. मला हासू आलं. मला हासायचं न्हवतं, पन आलं. त्या भोपळ्याची तिनं मऊ भाजी केली आनि पोरास्नी चारली.

तर सांगली. त्योच हाल, त्याच बाई, त्येच निळ्या डोळ्याचं बाळ. बाईंनी मला वळखलं, वट दाबून धरलं त्येंनी. "मावशी, बाळ पाळण्यात आहे. तुम्ही जवळ गेलात तर अनकॉन्शस."

मला चोकच्या वक्ताला जसं वाटलं व्हतं ना, म्हाईत हाय आसं, तसं ह्या बारीला काय वाटलं न्हाई. काळाकुट्ट आंधार. आनि माज्या तोंडातनं आलं, "म्हंजी काय गं?"

गं! येवड्या शिकल्याल्या बाईला मी गं म्हनले. मागं बाया खुसखुसल्या. बाई म्हनल्या, "बेशुद्ध."

मग मी बाळापाशी गेले. तळपायाला टिचक्या मारल्या, हाक मारली, छाती हालती का ते वाकून बगितलं, दाराकडं तोंड करून वरडले, "डाक्टर बोलवा!" आनि दोन बोटांनी छाती दाबाय लागले. समदं दावल्यावानी झालं. पन हाक काय मारली मी? "आवं सायेब, आवं सायेब, आयकताय न्हवं?"

बाई हासल्या. कागदावर लिवलं आनि म्हनल्या, "पास. मागच्या वेळी एक शर्टवाल्या मावशी होत्या. तुम्ही दोघी बहिणी का?"

बगा! माज्या पास हुन्यात सुदिक तिचंच नाव. येवडे दिस वाट बगितली, आनि पास झाले ती बी तिची भईन म्हनून. मिरजंला आले तर ती दारात उभी. तिनं काय इचारलं न्हाई, माज्या तोंडाकडं बगितलं आनि आत गेली. "आरूबाई, नवं मानूस आलंय तुमाला," आसं आत सांगताना आयकलं मी.

मग मी आत. समदी पोरं मला उचलता यायची. हातात पोरगं आलं, वजन आलं, मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बाकीची पोरं आली माज्याकडं, मी काय वंगाळ न्हाई सांभाळत. पन आरू न्हाई. मी तिला घ्यायची, खांद्यावर टाकायची, ती माज्या नव्या खिशात हात घालायची. मोटा खिसा, चांगलं कापाड. हात आत जायचा, हिकडं तिकडं फिरायचा, आनि भाईर यायचा. काय शोदत व्हती? त्या दुसऱ्या खिशात तरी काय व्हतं? मग दोनी हात तिकडं, "आवं"च्या दिशेनं. ती यिऊन घ्यायची आनि मला म्हनायची, "खिसा नवा हाय तुमचा. जुना हुंद्या."

जुना हुस्तवर ती ऱ्हायली न्हाई. तिच्या फलटनच्या भनीला वारं गेलं, हातपाय गेलं, बगायला कोन न्हाई. ती बाईसायबास्नी म्हनली, "जाते गं मी. तिथं येक थोरलं बाळ हाय." ल्योक माजा तवा कुबडी घिऊन चालाय लागल्याला, सून बाळंत हून नातू आल्याला, माजं बरं चालल्यालं. मी म्हनलं, जा बाई. आता आरू माजी.

मला वाटलं, शर्ट ठिवून जाईल. मी तसं बोलून बी दावलं, पोरास्नी सवय हाय म्हनून. न्हाई. घालून गेली.

दारात मला म्हनली, "जाते गं."

मी म्हनलं, "आँ? पटली व्हय वळख?"

"कवाच पटली. भोपळा फुटला तवाच. म्हनायचं ऱ्हाऊन गेलं." मग आत पाळन्याकडं बगितलं. आरू निजल्याली. "हिची मातर पटायची हाय आजून. शाळंत जायच्या दिशी तू म्हन तेवडं. माज्या वतीनं."

मी म्हनलं, म्हनंन. आनि मनात म्हनलं, तुज्या वतीनं कशाला, माज्या वतीनं म्हनंन.

ती गेल्यावर आरू दोन दिस दाराकडं बगत ऱ्हायली. तिसऱ्या दिशी लय रडली, कशानं गप हुईना, तवा मीच म्हनलं, "आवं आरूबाई, सांगता का काय झालं?" गप झाली. मग काय, मला तसंच म्हनाय लागलं. तिला शिकवलंच तसं, मी काय करू? वरीसभर आवं म्हनलं मी त्या पोरीला. घरात माजा सख्खा नातू, त्येला ए गाढवा म्हनते, आनि परक्याच्या पोरीला आवं. सून म्हनायची, आत्या, तुमी बी त्या बाईवानी बोलाय लागला. मी आयकलंच न्हाई आसं दावायची.

आरू शाळंत जायचा दिस आला. दोन शेंड्या, पाठीवर दप्तर, दप्तरावर कसलं तरी कार्टून. तिची आई मोबाईल धरून उभी, फोटू काडाय. मी आरूच्या म्होरं बसले. बटान बिटान काय न्हवतं, टीशर्ट व्हता, म्हनून नुसताच खांदा नीट केला. लई दिस ठरवून ठिवल्यालं व्हतं मी. ह्ये येकच आसं व्हतं की जे तिला मिळालं न्हाई आनि मला मिळनार व्हतं. आरूला पयल्यांदा तू कोन म्हनलं? मी म्हनलं. ती फलटनात बसल्याली, तिला कुटनं म्हननार?

मी म्हनलं, "जा गं आता. नीट शिक."

आरूनं मागं वळून बगितलं. तिच्या मागं कोन न्हवतं. मग तिनं आपल्या आईकडं बगितलं, मग परत माज्याकडं. तिला वाटलं, मी दुसऱ्याच कुना पोरीला म्हनते.

परत म्हनलं, "तुलाच गं, जा."

ती हालंना. बोट तोंडात घालून उभी. आई म्हनाय लागली, चल, उशीर होतोय.

मग मीच म्हनलं, "आवं आरूबाई. तुमालाच म्हनते मी. निगा आता."

आस्सं खुदकन हासली! पळत आली, माज्या खिशात हात घातला, काडला, आनि टाटा करत गेली.

त्यो टाटा माजा का तिचा, ते मी आजून ठरवलं न्हाई.